डांबरावरचा मोर

मंगळवारी सकाळी फोन उघडेना. अंगठा लावला, नाही. पुसून लावला, तरी नाही, मग तर्जनी, मग डावा अंगठा, सगळं करून झालं आणि शेवटी खिडकीच्या उजेडात हात धरून बघितला तर बोटांवर रेषाच नाहीत, टाकी लावायला आलेल्या पाट्यासारखी गुळगुळीत सगळी. तीन दिवस डांबरी रस्त्यावर तळहाताने खडू घासला की असं होतं म्हणे. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

तर झालं असं की इथे अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी असते आणि तो लाँग वीकेंड धरून सांता बार्बराला ‘ई मादोन्नारी’ नावाचा फेस्टिव्हल असतो. तिथे १७८६ सालचं जुनं मिशन आहे, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांचं चर्च, दोन घंटाघरांचं, कॅलिफोर्नियाच्या सगळ्या कॅलेंडरांवर असतं ते. त्याच्यासमोरच्या डांबरी पटांगणात चौकोन आखलेले असतात, दीडशेच्या आसपास, ४ बाय ६ फुटांपासून पार १२ बाय १२ पर्यंत, आणि प्रत्येक चौकोनात कोणी ना कोणी शनिवारी सकाळपासून सोमवारी संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर बसून खडूने चित्र काढत असतं. प्रत्येक चौकोनाला स्पॉन्सर असतो, त्याचं नाव वर लिहिलेलं असतं आणि ते पैसे तिथल्या शाळांमधल्या चित्रकला-संगीताच्या कार्यक्रमाला जातात. बघायला तिकीट नाही. आम्ही आधी दोन वर्षं नुसते बघायला गेलो होतो, जेलाटो खाल्लं, फोटो काढले, घरी आलो. आणि दोन्ही वर्षं परतताना गाडीत मी नवऱ्याला म्हटलं होतं, की यात काय आहे, रांगोळीच तर आहे ही.

हे वाक्य त्याने लक्षात ठेवलं होतं. यंदा आमच्या मंडळातल्या एका डॉक्टरकाकांनी चौकोन स्पॉन्सर करायचं ठरवलं, ६ बाय ८ चा, आणि काढणार कोण असं ग्रुपवर विचारल्यावर दोन मिनिटांत माझ्या नावाने नवऱ्याचा मेसेज. मी तेव्हा मीटिंगमध्ये होते.

माझी बाजूही ऐका. मी डोंबिवलीची. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी आदल्या रात्री रस्त्यावर बसून संस्कार भारतीच्या रांगोळ्या काढलेल्या आहेत मी, फडके रोडला, दहा-दहा फुटांच्या, पहाटे तीनपर्यंत. आधी चाळणीने रंग पसरायचा, मग मुठीतून पांढरी जाड रेघ सोडायची, हात न थांबवता. माझ्या रेघेला लोक चांगलं म्हणायचे. त्यामुळे खडू म्हणजे आपल्यासाठी बालवाडी असा एक समज डोक्यात पक्का होता.

पहिलं भांडण विषयावरून. आम्ही चौघी होतो टीममध्ये. एकीचं म्हणणं गणपतीच काढायचा, दुसरा विषयच नको, मंडळाचं नाव आहे. दुसरी म्हणाली अगं वेडी का तू, सोमवारनंतर त्याच्यावरून गाड्या जाणार. त्यावर पहिलीचं उत्तर मला आवडलं होतं खरं तर, की ज्या लोकांनी हा प्रकार काढला त्यांनी मेरीमातेलाच रस्त्यावर आणलं ना, त्यांचं काय वाकडं झालं? आणि ते खरंच आहे. मादोन्नारी हे नावच मादोन्नावरून, म्हणजे मेरीवरून आलंय. इटलीत हे फिरस्ते चित्रकार असायचे, सोळाव्या शतकापासून त्यांचा उल्लेख सापडतो, एका गावची जत्रा संपली की दुसऱ्या गावच्या जत्रेला जायचं, चर्चसमोरच्या फरसबंदीवर मेरीचं चित्र काढायचं, येणारे-जाणारे नाणी टाकायचे त्यावर पोट. विसाव्या शतकात ते जवळजवळ संपले होते. मग १९७३ साली मांतोवाजवळच्या ग्रात्सिए नावाच्या छोट्याशा गावात, मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असतो त्या दिवशी, त्यांची स्पर्धा सुरू झाली. तो सण म्हणजे १५ ऑगस्ट, आपल्याला दुसऱ्याच कारणासाठी पाठ असलेली तारीख. आणि सांता बार्बराच्या कॅथी कौरी नावाच्या बाईंनी तेच इथे आणलं, १९८७ साली. पश्चिम गोलार्धात असा फेस्टिव्हल पहिल्यांदा इथेच भरला.

हे सगळं वाचताना मला एकदम दादर आठवलं. स्टेशनच्या पश्चिमेला फुटपाथवर एक माणूस बसायचा, मी सहा-सात वर्षांची असेन. तो खडू, कोळसा आणि विटेचा तुकडा घेऊन मारुती काढायचा, हिरव्या रंगासाठी चक्क झाडाचा पाला चुरडून घासायचा. मारुतीच्या आजूबाजूला चिल्लर पडलेली असायची. बाबा मला चार आणे द्यायचे आणि सांगायचे, वाकून ठेव, फेकू नको, आणि देवावर नको, बाजूला ठेव. त्या गर्दीत, लोकल सुटायची घाई असताना, माणसं बरोब्बर त्या मारुतीला वळसा घालून जायची. म्हणजे मादोन्नारो आपल्याकडे होताच की, फक्त त्याला कोणी फेस्टिव्हलला बोलावलं नाही.

असो. आईला फोन केला तर तिने एका वाक्यात निकाल दिला, “देव काढशील आणि वर गुडघे टेकून बसशील? काही नको, फुलं काढा.” गणपती बाद. कोणीतरी शुभचिन्हं म्हणालं, तर स्वस्तिकाचा तर इथे विषयच काढायला नको, समजावत कोणाकोणाला बसणार. शेवटी पैठणी ठरली. वांगी रंग, दोन्ही बाजूंना नारळी काठ, मध्ये पदरावरचा एकच मोर मोठा करून. यात माझा एक आळशी हिशोब पण होता. पैठणीचा मोर विणलेला असतो ना, तो मुळातच चौकटी-चौकटींचा, पायऱ्या-पायऱ्यांचा असतो, त्याला नाजूक वळणं नसतात. म्हणजे कागदावर एक इंच, रस्त्यावर एक फूट, एवढं केलं की झालं.

शनिवारी सकाळी आठला पोचलो. समुद्राकडून आलेलं धुकं बसलं होतं सगळीकडे, मे-जूनमध्ये या किनाऱ्यावर सकाळी असंच असतं, दुपारी बारापर्यंत सूर्य दिसत नाही. आयोजकांकडून खडूंचा बॉक्स मिळाला. मुलं अंगणात काढतात ते जाडे खडू बहुतेक जिप्समचे असतात, शाळेतल्या फळ्याच्या खडूसारखे, त्यात रंग कमी आणि पांढरं जास्त. हे तसले नव्हते, मऊ पेस्टल होते, हाताला नुसतं लागलं तरी रंग येतो. नवरा आणि मी दोरीला खडू फासला, दोन टोकांना दोघं धरून बसलो आणि सूत मारलं, गवंडी मारतात तसं, टप्पकन. फुटाफुटावर रेघा. आमच्या कन्येला हा भाग प्रचंड आवडला, तिला वाटलं झालं चित्र.

मग मी माझ्या सवयीने चौकोनाच्या मधोमध जाऊन बसले आणि मोराच्या डोळ्यापासून सुरुवात केली.

इथे शेजारच्या चौकोनातल्या आजी हसल्या. त्या वीसेक वर्षं येतायत. पांढरे केस, व्हॉलीबॉलवाल्यांचे नीपॅड, कमरेला रंगाने भरलेला अ‍ॅप्रन. त्या एका बाईचा मोठा चेहरा काढत होत्या. त्यांनी विचारलं, तू मधून सुरुवात केलीस, आता बाहेर कशी येणार?

आणि मी बघितलं तर खरंच. रांगोळी मधून वाढते. मध्ये बिंदू, मग पाकळ्या, मग भोवती भोवती, आपण तिच्याभोवती फिरत बाहेर सरकतो, तिला डोकं नाही पाय नाही, कुठूनही बघा. आणि मुख्य म्हणजे रांगोळीत आपण जमिनीला हातच लावत नाही, चिमटीतून वरून सोडतो. इथे चित्राला वर-खाली आहे, बघणारे एकाच बाजूला उभे राहणार, आणि पूर्ण तळहात टेकल्याशिवाय काम होत नाही, त्यामुळे वरच्या कडेपासून सुरू करून मागे मागे यायचं असतं. फरशी पुसत मागे येतो ना आपण दाराकडे, अगदी तसं. आयुष्यभर घरात हे करत आले आणि चित्र काढताना नेमकं तेच सुचलं नाही.

दुसरी चूक पांढऱ्या रेघेची. रांगोळीत पांढरी रेघ सगळ्यात महत्त्वाची, म्हणून मी आख्खा मोर आधी पांढऱ्याने आखून घेतला, ठसठशीत, फोटो पण काढला. मग आत जांभळा भरला आणि तळहाताने घासला. तर पांढरा सगळा जांभळ्यात मिसळला आणि माझ्या वांगी रंगाचं दह्यातलं भरीत झालं. आजी परत आल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की डांबर खडबडीत असतं, त्याला हजारो खड्डे, पहिला थर त्या खड्ड्यांना द्यायचा. गडद रंग आधी, दाबून, तळहाताच्या टाचेने घासून आत बसवायचा, म्हणजे काळे ठिपके दिसत नाहीत. मग दुसरा थर, तो थोडा कमी घासायचा. मग उजळ रंग. पांढरा सगळ्यात शेवटी आणि त्याला मग बोट लावायचं नाही. म्हणजे माझ्या पद्धतीच्या बरोब्बर उलटं. त्यांनी मला फोमच्या पाइपचा एक तुकडा दिला, गरम पाण्याच्या नळावर घालतात ना तो, घासायला, की हात वाचतील. मी थोडा वेळ वापरला आणि ठेवून दिला कारण हाताने जे कळतं ते फोमने कळत नाही असं माझं मत पडलं. त्या मताचे परिणाम पहिल्या परिच्छेदात दिलेच आहेत.

दुपारी ऊन आलं आणि त्याबरोबर वारा. आता हे सांगायला लाज वाटते पण सांगते. पैठणीची सोनेरी जर कशी दाखवायची हा प्रश्न होता, खडूत सोनेरी असं काही नसतं, पिवळा, गेरूसारखा तांबूस, तपकिरी असे शेजारी शेजारी लावून मध्ये पांढरा ठिपका दिला की लांबून सोनं वाटतं. ते मला जमत नव्हतं. तर मी पर्समधून डोंबिवलीहून आणलेली शिरगोळ्याची रांगोळी काढली, म्हटलं वरून एक नाजूक रेघ सोडू, कोणाला कळतंय. रेघ सुरेख पडली. दोन सेकंद. मग समुद्रावरून झुळूक आली आणि ती आख्खी रेघ उठून आजींच्या बाईच्या गालावर जाऊन बसली. पावडर लावल्यासारखी. मी जागच्या जागी मेले. नवरा दुसरीकडे बघायला लागला, जसा काही आमचा संबंधच नाही. आजींनी काही न बोलता एक रुंद मऊ ब्रश काढला, ती पांढरी भुकटी अलगद झाडली आणि मग मला म्हणाल्या, उरलेली मला दाखव बरं, हे काय आहे. पुढचा अर्धा तास त्यांना चिमटीत रांगोळी कशी धरायची ते शिकवण्यात गेला. त्यांच्याकडून रेघ तुटत होती सारखी. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

रविवारी आणखी एक प्रकार. आदल्या रात्री निघताना आम्ही चित्रावर प्लॅस्टिक घातलं होतं, कडेला चिकटपट्ट्या मारून घट्ट. आम्हाला वाटलं काय शहाणे आपण. सकाळी येऊन बघतो तर धुक्याचा ओलावा आतून साचलाय, प्लॅस्टिक मध्ये झोळ पडून चित्राला चिकटलंय आणि उचललं तर त्याच्याबरोबर नारळी काठाचा हातभर तुकडा उचलला गेला. उलटा, आरशातल्यासारखा, प्लॅस्टिकवर अगदी छान उमटला होता. आमच्यातली गणपतीवाली लगेच म्हणाली, गणपती काढला असता तर झालं नसतं. यावर कोणी काही बोललं नाही. रस्ता वाळायला अकरा वाजले. ओल्या डांबरावर खडू लावला तर चिखल होतो, त्यामुळे नुसतं बसून बघायचं.

तेवढ्यात मी हिंडून आले. एका ठिकाणी एक जण रस्त्यात विहीर काढत होता, खरी वाटावी अशी. हा थ्रीडी प्रकार ज्याने रस्त्यावर आणला तो कर्ट वेनर याच गावात वाढलेला, आधी नासामध्ये चित्रकार होता, १९८२ मध्ये ते सोडून रोमला गेला आणि तिथे रस्त्यावर काढता काढता त्याने हे बसवलं. युक्ती अशी की चित्र एका ठरावीक जागेवरून बघायचं आणि लांबची बाजू मुद्दाम ताणून काढायची, कारण तिरकं बघताना लांबचं आखडतं. त्या विहिरीच्या बाजूने गेलं तर नुसती ताणलेली ओढाताण दिसत होती, आणि कॅमेरा ठेवला होता तिथून बघितलं की पोटात खड्डा.

हे कळलं आणि मी धावत आमच्या चौकोनाकडे आले, पायथ्याशी उभी राहिले आणि बघितलं. मोराची मान! कागदावर व्यवस्थित लांब होती. इथे बघणारे पायथ्याशी उभे राहणार आणि मान लांबच्या टोकाला, त्यामुळे ती आखडून पार खांद्यात गेलेली. आणि पैठणीचा मोर मुळात गुबगुबीत. इतक्यात एक पाच-सहा वर्षांचा मुलगा आला आणि आईला म्हणाला, बघ बघ, टर्की!

त्यानंतर दिवसभरात मी मोजले, सात जणांनी टर्की म्हटलं. एका काकांनी तर कौतुकाने सांगितलं की थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या टर्की खायच्या सणाला, अजून वेळ आहे पण छान आहे. मग आम्ही वरची रांग अर्धा फूट वाढवली, आकाशासाठी ठेवलेली जागा खाऊन टाकली, मानेला निळा-हिरवा दिला, तुरा मोठा केला. तरी सोमवारी दोघं म्हणालेच. कन्येने एका मोठ्या पुठ्ठ्यावर ‘मी मोर आहे’ असं इंग्रजीत लिहून शेजारी ठेवलं, तेव्हा कुठे थांबलं. तिचा स्वतःचा लहान मुलांच्या विभागात छोटा चौकोन होता, त्यात तिने आमची मांजर काढली, तिला सगळ्यांनी न विचारता मांजर म्हटलं. हे तिने मला चार वेळा सांगितलं.

सोमवारी मात्र मजा आली. हात बसला होता. गडद आधी, घास, मग उजळ, मागे सरक. कमरेचं काय झालं होतं ते विचारू नका. पण एक गंमत होते, इतक्या जवळून, नाक जमिनीला लावून काम करताना चित्र दिसतच नाही, फक्त खड्डे दिसतात, आणि मागे लोकांचे पाय. सँडल, बूट, बाबागाडीची चाकं, कुत्र्यांचे पंजे. लोक बोलत असतात आपल्याबद्दल, आपल्या डोक्यावरून, जणू आपल्याला ऐकू येत नाही. घरी रांगोळी काढताना वरून बोलणारी आई असते, की डावीकडे वाकडी झालीये, इथे सगळं अनोळखी कौतुक. मला त्या वाकडी म्हणणाऱ्या आवाजाची फार सवय आहे असं लक्षात आलं. दुपारी तिला व्हिडिओ कॉल केला. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, “डावा काठ बारीक झालाय.” झालाच होता, त्या प्लॅस्टिकवाल्या बाजूचा.

चारच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले आणि परत आले तर पदराच्या कडेला, चौकोनाच्या रेघेबाहेर, एक क्वार्टर ठेवलेला. नाणं. इथे कोणी पैसे टाकत नाही, तशी पद्धतच नाही, स्पॉन्सर असतात. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या एक छोटी मुलगी होती, वाकून ठेवून गेली. पंचवीस सेंट. म्हणजे चार आणेच की. मी ते उचलून कन्येला दाखवलं आणि दादरच्या मारुतीची गोष्ट सांगायला लागले, तर तिचा पहिला प्रश्न, “मग त्याला एकूण किती मिळायचे दिवसाचे?” मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही त्याला, तो तोंड वर करून बोलायचाही नाही कोणाशी.

सहाला सगळं आवरलं. डॉक्टरकाका सहकुटुंब येऊन फोटो काढून गेले, काकू खरी वांगी पैठणी नेसून आल्या होत्या, ती रस्त्याला लागू नये म्हणून निऱ्या उचलून धरून उभ्या राहिल्या. आजींनी माझी उरलेली रांगोळी पिशवीसकट मागून घेतली. मी त्यांच्याकडून फोमचा तुकडा ठेवून घेतला.

पुढच्या शनिवारी काहीतरी काम काढून मुद्दाम तिकडून गेलो. पाऊस नव्हता झाला पण माणसं आणि गाड्या फिरल्या होत्या. चेहरे वगैरे पुसट झाले होते, विहिरीत एक गाडी पार्क केलेली होती. आमच्या चौकोनात वरच्या कडेचा, खड्डे भरून घासून बसवलेला जांभळा अजून होता, चांगला गडद. मध्यभागी, जिथे मी पहिल्या दिवशी माझ्या पद्धतीने बसून डोळा काढला होता, तिथे नुसतं डांबर.

नवऱ्याने गाडीतूनच विचारलं, “पुढच्या वर्षीचं नाव देऊ का ग्रुपवर?” मी म्हटलं आधी मला नीपॅड घेऊन दे. व्हॉलीबॉलवाले.